‘घरी सांगू का?’

अंकाचा विषय ‘भय’ असं संपादकांनी कळवलं आणि कुणी काय लिहायचं याची वाटणी सुरू झाली. एकाने बिबट्या घेतला, एकीने दवाखान्याचं बिल, एकाने म्हातारपण. मी समलिंगी आणि पारलिंगी माणसांवर होणारे हल्ले हा विषय मागून घेतला.

द्वेषातून झालेला गुन्हा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जमाव येतो, लाठ्या येतात, जाळपोळ येते. या माणसांच्या वाट्याला येणारा गुन्हा सहसा असा चव्हाट्यावर होत नाही. तो भाड्याच्या खोलीत होतो, लॉजवर होतो, रात्रीच्या सुनसान मैदानात होतो आणि पुष्कळदा राहत्या घरात होतो. त्यात चाकू असतो, पट्टा असतो, मोबाइलचा कॅमेरा असतो. पण माणूस गारद होतो तो एका वाक्याने: ‘घरी सांगू का?’ मुंबई, कल्याण, पुणे असं फिरताना हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की लेखाला दुसरं नाव सुचेना.

शनिवारची दुपार

मुंबईच्या उपनगरात या समाजासाठी काम करणाऱ्या एका संस्थेचं दोन खोल्यांचं कार्यालय आहे. बाहेरच्या खोलीत सतरंजी, भिंतीला टेकून ठेवलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात एचआयव्ही तपासणीचं टेबल. आतल्या खोलीत मदतीसाठी येणारे फोन घेतले जातात. फोन घेणारा कार्यकर्ता चाळिशीतला. सगळे त्याला दादा म्हणतात. शनिवार-रविवारी फोन जास्त येतात, कारण भेटीगाठी सुट्टीच्या आदल्या रात्री होतात.

मी बसलेली असताना एका मुलाचा फोन आला. तो कुठून बोलतोय, काय करतो, हे मला कळू नये म्हणून दादाने स्पीकर लावला नाही. मला ऐकू आली ती फक्त दादाची बाजू. ‘आत्ता कुठे आहेस? एकटा आहेस? लागलंय कुठे? रक्त थांबलंय ना? बरं. काही खाल्लंस का?’ मग थोडा वेळ तो नुसता ऐकत राहिला. समोरच्या वहीत त्याने तारीख, वेळ आणि एक खूण लिहिली. नाव लिहिलं नाही.

‘आता नीट ऐक. आणखी एक रुपयाही पाठवू नकोस. एकदा दिलेस की परत मागतात, महिनाभर मागतात. चॅट उडवू नकोस. त्यांनी प्रोफाइल बंद करायच्या आत त्याचा फोटो काढून ठेव. पैसे ज्या नंबरवर गेले त्याचा व्यवहार क्रमांक लिहून घे. आधी १९३० ला फोन लाव, खातं गोठवता येतंय का ते बघतील. मग आपण ठाण्यात जाऊ. मी येतो बरोबर.’

यानंतर बराच वेळ दादा एकाच प्रश्नाचं उत्तर देत होता. ‘नाही रे, घरी नाही कळवत. तू सज्ञान आहेस. नाही, पोलिस घरी फोन करत नाहीत. हो, मी बोलेन त्यांच्याशी.’

फोन ठेवल्यावर त्याने सांगितलं, की मुलाच्या बरगडीला लाथ बसली आहे, पगार आला होता तो सगळा गेला आहे, आणि त्याने पैशाबद्दल किंवा दुखण्याबद्दल एकदाही विचारलं नाही. त्याला हवं होतं ते एवढंच, की गावाकडे आई-वडिलांना कळू नये. ‘दहातले नऊ असेच असतात का?’ मी विचारलं. दादाने आकडा सांगायचं टाळलं. म्हणाला, ‘ताई, जे फोन करतात तेवढेच मला माहीत. जे करत नाहीत त्यांचं कोण मोजणार?’

सापळा कसा लागतो

मोबाइलवर समलिंगी पुरुषांच्या भेटीसाठी अ‍ॅप आहेत. ग्राइंडर हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध, २००९ साली सुरू झालेलं. अशा अ‍ॅपवर समोरचा माणूस आपल्यापासून किती अंतरावर आहे ते दिसतं. ज्या माणसाला कॉलेजात, कचेरीत, सोसायटीत कुणालाही विचारायची सोय नाही, त्याला आपल्यासारखं कुणी चारशे मीटरवर आहे हे कळणं किती मोठं असतं, ते बाहेरून समजायला अवघड आहे. लुटारूंना मात्र ते पक्कं समजलेलं असतं.

पद्धत ठरलेली असते. छान फोटो असलेलं प्रोफाइल, दोन दिवस गोड बोलणं, मग ‘प्लेस आहे का?’ हा प्रश्न. जागा नसली तर ‘माझ्याकडे ये’ असं निमंत्रण. खोलीत गेल्यावर थोड्या वेळाने दार वाजतं आणि दोघं-तिघं आत येतात. कधी ते मित्र म्हणून येतात, कधी सोसायटीचे लोक, कधी साध्या वेशातले पोलिस. कपडे काढायला लावून चित्रीकरण करतात, पट्ट्याने मारतात. मग मोबाइल हातात घेऊन संपर्कांची यादी उघडतात आणि ‘पप्पा’, ‘आई’, ‘दादा’, ‘बॉस’ ही नावं मोठ्याने वाचतात. ‘घर पे बता दूँ क्या?’ तिथपर्यंत विरोध करणारा माणूसही इथे पिन सांगतो. हे मला मार खाल्लेल्या एकाने सांगितलं. तो अंगाने धिप्पाड आहे, तालमीत जातो. दोघांना सहज आडवं केलं असतं असं तो म्हणाला, पण यादीत आईचं नाव वाचलं गेल्यावर त्याचे हात खाली आले.

गुरुग्राम, नोएडापासून मुंबई-पुण्यापर्यंत अशा टोळ्या पकडल्या गेल्याच्या बातम्या येत असतात. त्या शहराच्या पानावर चार ओळीत संपतात आणि लूटमार म्हणून वाचल्या जातात. पण टोळीने रस्त्यावरचा कुठलाही माणूस निवडलेला नसतो. हा तक्रार करणार नाही, या खात्रीवर तो निवडलेला असतो. मारताना दिल्या जाणाऱ्या शिव्याही त्याच्या पैशाला नसतात, त्याच्या असण्याला असतात. माणूस समलिंगी आहे म्हणून त्याला गाठलं जातं, तेव्हा तो द्वेषातून झालेला गुन्हाच आहे, मग लुटारूच्या मनात द्वेष किती आणि हाव किती याचा हिशेब कुणी काहीही मांडो.

बळी पडणाऱ्यांत लग्न झालेले पुरुष बरेच असतात. त्यांच्याविषयी बोलताना लोकांचा सूर लगेच कठोर होतो, आणि त्यांच्या बायकांची फसवणूक झालेली असते हे मलाही नाकारायचं नाही. पण त्या लग्नाची बोलणी कुणी केली, मुलगा ‘नको’ म्हणत असताना ‘एकदा लग्न झालं की सगळं सुरळीत होतं’ असं कोण म्हणालं, हेही विचारायला हवं. त्या मुलीचं आयुष्यही त्याच बैठकीत पणाला लागलेलं असतं.

ठाण्याची पायरी

तक्रार द्यायला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न येतो, ‘तू तिथे गेलासच कशाला?’ या एका प्रश्नाने फिर्यादी आरोपीच्या जागी बसतो. मग ‘आपसात मिटवा’, मग ‘नातेवाइकाला बोलावून घ्या’. पुष्कळ जण नातेवाईक हा शब्द ऐकूनच उठून येतात. सगळीकडे असंच घडतं असं नाही. एका ठाण्यात उपनिरीक्षक बाईंनी फिर्यादीला पाणी दिलं, वेगळ्या खोलीत बसवलं आणि दोन दिवसांत आरोपी आणून उभे केले, हेही मला त्याच दादाने सांगितलं. पण काम चांगलं होणं हे त्या दिवशी कोण ड्यूटीवर आहे यावर अवलंबून असावं, ही अवस्था बरी नव्हे.

आणखी एक अडचण फार कमी लोकांच्या लक्षात येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार प्रथम खबर अहवाल चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा लागतो. आदेश चांगला आहे, नागरिकाच्या हक्काचा आहे. लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळलेली आहेत. पण समलिंगी तरुणाची लूट कागदावर खंडणी म्हणून नोंदली जाते आणि त्याचं नाव, पत्ता, घटना सगळं सर्वांना वाचायला खुलं होऊ शकतं. प्रकरण संवेदनशील मानून अहवाल संकेतस्थळावर न टाकण्याचा निर्णय उपअधीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी घेऊ शकतो. ते मागून घ्यावं लागतं. तसंच ‘झिरो एफआयआर’ची सोय आहे, म्हणजे घटना कुठेही घडली तरी तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. ज्याला आपल्या वस्तीतल्या ठाण्यात ओळखलं जाण्याची भीती आहे, त्याने दुसरीकडे जावं. या दोन गोष्टी माहीत असलेला एकही तरुण मला भेटला नाही. तालुक्याच्या ठाण्यातल्या अंमलदारालाही त्या तोंडपाठ असतील याची मला खात्री नाही.

मेकॉलेलाही ठाऊक होतं

मेकॉलेच्या मसुद्यातून आलेल्या १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं ३७७ वं कलम आता बहुतेकांना माहीत आहे. त्याच पुस्तकातली ३८८ आणि ३८९ ही कलमं मात्र फारशी कुणी वाचत नाही. ती खंडणीची आहेत. एखाद्याला गंभीर गुन्ह्याच्या आरोपाची भीती घालून पैसे उकळले तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असं ती म्हणतात. आणि पुढे खास उल्लेख आहे: ज्या आरोपाची भीती घातली तो ३७७ कलमाखालचा असेल, तर जन्मठेपही देता येईल. म्हणजे ज्यांनी ३७७ लिहिलं त्यांनाच ठाऊक होतं की हे कलम कोर्टात कमी आणि अंधारात जास्त वापरलं जाणार आहे. ब्लॅकमेलचं हत्यार बनवताना त्यांनी त्यावरची शिक्षाही सोबत लिहून ठेवली. दीडशे वर्षं हत्यार चाललं. शिक्षेचा आधार घ्यायला पुढे येण्याची मात्र कुणाची छाती नव्हती, कारण फिर्याद देणं म्हणजे स्वतःवरचा आरोप स्वतःच्या तोंडाने सांगणं होतं.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी नवतेजसिंग जोहर खटल्यात सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध ३७७ मधून बाहेर काढले. या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या जे सोसावं लागलं त्याबद्दल इतिहासाने त्यांची माफी मागायला हवी, या आशयाचं न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं. या निकालाला सरकारने व्यापक प्रसिद्धी द्यावी आणि अधिकाऱ्यांना, विशेषतः पोलिसांना, वेळोवेळी प्रशिक्षण द्यावं, असंही निकालात आहे. प्रसिद्धी देणारी जाहिरात माझ्या पाहण्यात आलेली नाही. तुम्हीही आठवून बघा.

मग १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली आणि ३७७ पूर्ण गेलं. हे ऐकायला बरं वाटतं. पण २०१८ नंतर त्या कलमाचा उरलेला भाग एका कामाचा होता. सज्ञान पुरुषावर बळजबरी झाली तर तोच एक आधार होता. नव्या संहितेतही बलात्काराची व्याख्या पुरुषाने स्त्रीवर केलेला गुन्हा अशीच आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांना पॉक्सो कायदा आहे. एकोणीस वर्षांच्या मुलावर तिघांनी खोलीत अत्याचार केला, तर पोलिसांना मारहाण, डांबून ठेवणं, धमकी अशी कलमं जोडून काम भागवावं लागतं. संमतीशिवायच्या कृत्यांपुरती तरतूद ठेवा, अशी शिफारस संसदेच्या गृह खात्याच्या स्थायी समितीने २०२३ सालीच केली होती. ती मानली गेली नाही.

पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९ साली जो कायदा संमत झाला त्यात शारीरिक, लैंगिक, मानसिक अशा सगळ्या छळाला मिळून किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा ठरवली गेली. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं. तेवढ्याच जखमेची किंमत कायद्याने इतकी कमी लावावी, हा मला सरळसरळ अन्याय वाटतो, आणि ते गुळमुळीत शब्दांत सांगण्याची माझी तयारी नाही.

अलीगढचे मराठीचे प्राध्यापक

या विषयावर मराठीत लिहायचं तर डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांना ओलांडून जाता येत नाही. ते नागपूरकडचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. कवी होते. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. निवृत्तीला काही महिने उरले होते.

८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री दोन माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली. सिरस एका रिक्षाचालकाबरोबर होते. दोघंही सज्ञान, दोघांचीही संमती, आणि जागा स्वतःचं राहतं घर. त्याच्या सात महिने आधी, २ जुलै २००९ ला, दिल्ली उच्च न्यायालयाने असे संबंध गुन्हा नाहीत असं म्हटलेलं होतं. तरीही दुसऱ्या दिवशी निलंबन झालं ते सिरस यांचं. विद्यापीठाचं घर सोडायला सांगितलं गेलं. दुसऱ्याच्या शयनगृहात कॅमेरा घेऊन शिरणं हे गैरवर्तन ठरलं नाही, आत असणं हे ठरलं.

ते लढले. अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले, आणि १ एप्रिलला न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. शरीरात विषाचा अंश आढळल्याचं सांगितलं गेलं. गुन्हा नोंदला गेला, तपास झाला आणि पुराव्याअभावी प्रकरण मिटलं.

हंसल मेहतांचा ‘अलीगढ’ आला, मनोज बाजपेयींनी सिरस उभे केले आणि देशाला ते माहीत झाले. परप्रांतात मराठी शिकवणारा, मराठीत कविता लिहिणारा माणूस आपल्याला हिंदी चित्रपटामुळे आठवतो, हे मला बोचतं. त्यांची कविता आपल्या अभ्यासक्रमांत असायला हवी होती. त्यांच्यावर त्या रात्री जे झालं आणि आज भाड्याच्या खोल्यांमधून जे होतं, त्यात कॅमेरा तोच आहे आणि धमकीही तीच. विद्यापीठाने त्या कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली असती, ‘हे त्यांचं खासगी आयुष्य आहे, तुम्ही आत कसे शिरलात ते सांगा’ असं विचारलं असतं, तर घुसणाऱ्यांच्या हातात काय उरलं असतं?

ज्यांना लपताच येत नाही

समलिंगी पुरुषाला निदान लपण्याची सोय असते. तृतीयपंथी आणि पारलिंगी स्त्रीला तीही नसते. कल्याणच्या पुढे एका चाळीत चौघी एका खोलीत राहतात. मला भेटली ती त्यांच्यातली थोरली, वय पस्तिशीच्या आसपास. दारात रांगोळी, आत यल्लमाचा फोटो, खुंटीला साड्या. तिने पदर सारून डावा हात दाखवला. कोपरापासून मनगटाकडे उतरणारा व्रण, टाके ओबडधोबड पडलेले. ‘बाटली होती ताई. चालत्या गाडीतून फेकली. हसत होती पोरं.’ सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना स्त्री लिहायचं की पुरुष यावर खल झाला आणि तोवर ती हाताला ओढणी गुंडाळून बाकावर बसून होती. पोलिसांत गेलीस का, असं मी विचारलं. ‘गेले होते. साहेब म्हणाले, तुमचं रोजचंच आहे.’

रोजचं आहे हे खरंच आहे. घरमालक दुप्पट भाडं घेतो आणि सणाच्या दिवशी खोली रिकामी करायला सांगतो. सार्वजनिक शौचालयात बायका ओरडतात, पुरुषांच्या बाजूला गेलं तर छेड होते, म्हणून त्या दिवसभर पाणी कमी पितात. बसथांब्यावर उभं राहिलं तर गिऱ्हाईक शोधते असं धरलं जातं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हिजड्यांची नोंदवही ठेवायला लावली होती. कायदा स्वातंत्र्यानंतर गेला, पण ठाण्यातली नजर तिथेच अडकून राहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालाने त्यांची लिंगओळख मान्य केली, त्यालाही आता दशक उलटलं.

बदल येतो तेव्हा कुठून येतो, याचं एक उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. आर्या पुजारी आणि निकिता मुख्यदल या दोघींनी पोलिस भरतीचा अर्ज करायचा ठरवला, तर अर्जात स्त्री आणि पुरुष एवढेच रकाने. त्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेल्या. सरकारने विरोध केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सरकारला खडसावलं, आणि अर्जात पर्याय देऊन शारीरिक चाचणीचे नियम करण्याची कबुली सरकारला द्यावी लागली. ठाण्यात खाकीतली पारलिंगी व्यक्ती बसलेली असेल, त्या दिवशी ‘तुमचं रोजचंच आहे’ हे वाक्य तिथे कुणाच्या तोंडून सहज निघणार नाही.

पारलिंगी व्यक्तींविरुद्धच्या गुन्ह्यांवर लक्ष ठेवायला प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या हाताखाली आणि राज्य पातळीवर पोलिस महासंचालकांच्या हाताखाली संरक्षण कक्ष असावा, असं २०२० च्या नियमांत आहे. कल्याणच्या त्या खोलीत कुणीही अशा कक्षाचं नाव ऐकलेलं नव्हतं.

घरातला गुन्हा

मुलींची गोष्ट वेगळी चालते. त्यांना अ‍ॅपवरून गाठणारी टोळी लागत नाही. घरच पुरतं.

पुण्यात एका वसतिगृहाजवळच्या खोलीत मला दोघी भेटल्या. दोघी मराठवाड्यातल्या, एकीने नर्सिंग केलंय, दुसरी कपड्याच्या दुकानात हिशेब लिहिते. नर्सिंगवालीच्या भावाने मोबाइलमधलं बोलणं वाचलं तिथून सुरुवात झाली. आधी मार, मग फोन काढून घेतला, मग नोकरी बंद. देवऋष्याकडे नेलं, त्याने लिंबू उतरवले आणि छडीने मारलं. महिन्याभरात स्थळ आणलं. ‘आई रडायची आणि मारायचीपण,’ नर्सिंगवाली म्हणाली. ‘तिला वाटायचं मला काहीतरी झालंय आणि ती मला वाचवतेय.’ पहाटेच्या एसटीने ती निघून आली. घरच्यांनी ‘मिसिंग’ नोंदवली. दोन पोलिस आणि भाऊ पुण्यात येऊन पोचले. एका संस्थेने आधीच दोघींकडून ‘आम्ही सज्ञान आहोत, स्वेच्छेने आलो आहोत’ असं लेखी घेऊन इथल्या ठाण्यात दिलेलं होतं, म्हणून त्या राहू शकल्या. असा कागद नसेल तर पोलिस मुलीला ‘समजावून’ पालकांच्या ताब्यात देतात आणि फाइल बंद होते. त्यानंतर तिचं काय झालं हे कुठल्याच कागदावर येत नाही.

याबाबत न्यायालयं बरीच पुढे गेली आहेत. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यासमोर २०२१ साली दोन तरुणींचं प्रकरण आलं. निकाल लिहिण्याआधी हा विषय आपल्याला समजत नाही असं त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं, मानसशास्त्रज्ञाकडून स्वतः समजून घेतलं आणि मग आदेश दिले. त्यातून पुढे तमिळनाडूने पोलिसांच्या वर्तणूक नियमांत या समाजाचा छळ करण्याला मनाई घातली. ‘बरं करण्याच्या’ नावाखाली होणारे उपचार हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देवू नायर प्रकरणात सगळ्या न्यायालयांना सांगितलं, की अशा व्यक्तीला आई-वडिलांच्या दडपणापासून दूर ठेवून एकांतात तिची इच्छा विचारा आणि तिचा कल बदलण्यासाठी समुपदेशनाला पाठवू नका. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२३ साली दोन तरुणींच्या याचिकेत पोलिसांच्या संवेदनशीलतेबद्दल राज्य सरकारला विचारणा केली होती.

पण छडी मारणारा देवऋषी आणि पट्टा काढणारा भाऊ न्यायालयाचे निकाल वाचत नाहीत.

वडील फोन घेतात तेव्हा

मुंबईत समलिंगी आणि पारलिंगी मुलांच्या पालकांचा ‘स्वीकार’ नावाचा गट २०१७ पासून काम करतो. सर्वोच्च न्यायालयात विवाहाच्या हक्काची सुनावणी चालू असताना, एप्रिल २०२३ मध्ये, या गटाच्या चारशेहून जास्त पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून आपल्या मुलांसाठी समानता मागितली. विवाहाचा हक्क त्या ऑक्टोबरमध्ये मिळाला नाही. पण चारशे आई-बाप पुढे आले, याचं मोल मला निकालापेक्षा कमी वाटत नाही.

असेच एक वडील मला ठाणे जिल्ह्यात भेटले. कुठल्या गटात नाहीत, रेल्वेतून निवृत्त झालेले, सकाळी देवपूजा करणारे, मुलाच्या विषयावर आजही शब्द जपून वापरणारे. मुलाने चोविसाव्या वर्षी सांगितलं तेव्हा ते आठ महिने त्याच्याशी बोलले नाहीत. ‘माझं काय चुकलं हेच डोक्यात. त्याचं काय होत असेल हे डोक्यात आलंच नाही.’ पुढे बायकोच्या आग्रहाने एका डॉक्टर बाईंकडे गेले. हा आजार नाही, उपचार करायचे तर तुमच्या भीतीवर करू, असं बाईंनी सांगितलं. हळूहळू बोलणं सुरू झालं.

दोन वर्षांनी मुलगा एका सापळ्यात सापडला. त्याने पैसे द्यायला नकार दिला, तेव्हा त्याच्याच फोनवरून वडिलांना फोन लागला. ‘तुमचा मुलगा कसा आहे माहितीये का? फोटो पाठवू?’ वडील सांगतात, हात थरथरत होता. पण ते म्हणाले, ‘मला माहीत आहे तो कसा आहे. तू कोण बोलतोयस ते सांग. आणि तो कुठे आहे?’ पलीकडे क्षणभर कुणी बोललं नाही, मग फोन कापला गेला. तासाभरात मुलगा घरी आला, ओठ फुटलेला होता. त्याच रात्री बाप-लेक ठाण्यात गेले. ‘नातेवाइकाला बोलवा’ म्हणायची तिथे कुणाला गरज पडली नाही, नातेवाईक शेजारी बसलेला होता. गुन्हा नोंदला गेला, दोघांना अटक झाली.

वडिलांना अजून सगळं पटलेलं नाही. मुलाच्या जोडीदाराला ते नावाने हाक मारतात, पण सणाला पाहुण्यांसमोर ‘मित्र’ म्हणून ओळख करून देतात. मुलाला ते खुपतं. घर अजून वाटेवर आहे. तरी त्या रात्री खंडणीखोराचा धंदा बुडाला तो एवढ्यानेच, की त्याच्याकडे विकायला जे होतं ते घरात आधीच सगळ्यांना माहीत होतं.

म्हणून मी स्वीकाराकडे चांगुलपणा म्हणून बघायचं सोडलं आहे. तो मुलाच्या जिवाच्या संरक्षणाचा प्रश्न आहे. समलिंगी असण्यावरून विनोद झाला आणि आपण हसलो, ‘बायल्या’ म्हणून कुणाला चिडवलं आणि आपण गप्प राहिलो, तर घरातलं वयात येणारं मूल ते टिपत असतं आणि हे इथे सांगायचं नाही असं ठरवून टाकतं. टोळीच्या हातातलं हत्यार तिथे तयार होतं. सरकारने बळजबरीच्या कायद्यातलं भगदाड बुजवावं, जिल्ह्याजिल्ह्यात ते कक्ष उघडावेत, पोलिसांच्या प्रशिक्षणाला वेळ आणि पैसा द्यावा. या मागण्या करत राहायलाच हव्यात. पण घरातलं काम सरकार करणार नाही. या दिवाळीत मुलं घरी येतील, तेव्हा लग्नाचा विषय काढण्याआधी एवढं त्यांच्या कानावर घाला: तू कसाही असलास, कशीही असलीस, आणि अडचणीत सापडलास तर पहिला फोन घरी कर, आम्ही तुझ्या बाजूने उभे राहू.

आणि ज्यांचं घर अजून तयार नाही, त्यांनी हे आकडे जवळ ठेवावेत. तातडीच्या पोलिस मदतीसाठी ११२, ऑनलाइन पैसे उकळले गेले असतील तर १९३०, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००, आणि मन खचलं असेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.